फ्लेक्सवर न मावणारं काम

टेंभुर्णी हे सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातलं, रस्त्यांचं गाव. पुणे–सोलापूर महामार्ग गावाला लागून जातो. एक वाट करमाळ्यावरून नगरकडे फुटते, एक पंढरपूरकडे आणि एक कुर्डुवाडी, बार्शी करत लातूरला. ज्या घरात सायन्सला गेलेलं पोर आहे, त्या घराला यातली लातूरची वाट पाठ असते. ‘लातूर पॅटर्न’चे क्लास, नीट परीक्षा, वसतिगृहाची फी, मेसचा डबा ही सगळी बोलणी त्याच वाटेवरची. निकाल लागला की चौकात फ्लेक्स चढतात. मुलाचा फोटो, गुण, गळ्यात स्टेथोस्कोप आणि खाली शुभेच्छुकांची रांग. आरोग्य क्षेत्रात करिअर म्हणजे काय, याची गावाला सर्वांत ठळकपणे दिसणारी व्याख्या ही. ती एका शब्दात संपते: डॉक्टर.

आता प्रश्न असा की, या पोरांपैकी एखाद्याला गावाचं पाणी, गावातला ताप, गावातल्या बाळांची वजनं यांवर काम करावंसं वाटायला हवं असेल, तर सिनेमा, टीव्ही, वर्तमानपत्र, मोबाईल, रेडिओ, पुस्तक यांतलं कोण काय करू शकतं? सगळी माध्यमं एकच काम करत नाहीत. कुणी ओढ लावतं, कुणी माहिती देतं, कुणी फक्त दारापर्यंत आणून सोडतं. आणि या विषयापुरती त्यांची एक समाईक अडचणही आहे. ती समजायला आधी हे काम कसं चालतं ते पाहू.

सपाट भागात साधारण 5,000 लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र आणि 30,000 मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा सरकारी निकष आहे. 2005 साली ग्रामीण आरोग्य अभियान आलं, तेव्हापासून साधारण हजार लोकांमागे एक आशा कार्यकर्ती. या साखळीत डॉक्टर असतोच, पण तो एकटा नसतो. आरोग्य सेवक, आरोग्य सेविका, समुदाय आरोग्य अधिकारी, लॅब टेक्निशियन, पर्यवेक्षक, वर तालुका आरोग्य अधिकारी अशी माणसं असतात. त्यांचा दिवस असा जातो: ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडली का ते पाहायचं. शेवटच्या नळाच्या पाण्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब टाकून पिवळा रंग येतो का ते बघायचं, कारण रंग आला तरच क्लोरीन टोकापर्यंत पोचलंय. घरोघर रांजण, टायर, कूलर तपासायचे, डासांच्या अळ्या सापडल्या की भांडं ओतायचं. ओतता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडायचे. तापाच्या माणसाचा रक्तनमुना घ्यायचा. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाच्या फडाशेजारी पडलेल्या ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर जाऊन, बीडकडून आलेल्या कोणत्या बाळाची कोणती लस राहिली ते शोधायचं.

याच कामाची पुढची टोकं मोठी आहेत. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था 1952 पासून साथींमागचे विषाणू हुडकते. मुंबईत देवनारला 1956 पासून असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम सांभाळते. देशातली किती मुलं खुरटलेली आहेत, हा आकडा पेपरात येतो तो तिथून. तिथे काम करणाऱ्यांत संख्याशास्त्राचे, भूगोलाचे, समाजशास्त्राचे लोक असतात. त्यांच्या गळ्यात स्टेथोस्कोप नसतो.

अडचण इथेच आहे. हे काम चांगलं झालं की काहीच घडत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ‘नारू’ म्हणजे काय ते विचारा, पाय पुढे करून दाखवतील. पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी प्यायल्यावर वर्षभराने कातडीतून हातभर जंत बाहेर यायचा. नारूवर लस नव्हती, जंताला मारणारं औषधही नव्हतं. पायविहिरी बंद करणं, पाणी फडक्यातून गाळणं, हातपंप बसवणं आणि घरोघर फिरून रोगी शोधणं, एवढ्यावर भारतातून तो गेला. शेवटचा रोगी 1996 साली राजस्थानात सापडला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. केवढा मोठा विजय, पण आज बारावीत असलेल्या मुलाला तो शब्दही ऐकून माहीत नाही. न झालेल्या रोगाचा फोटो काढता येत नाही, आणि माध्यमांना तर फोटो लागतो.

सिनेमाला तो सर्वांत जास्त लागतो. याचं उदाहरण शोधायला सोलापूर जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. द्वारकानाथ कोटणीस 1910 साली सोलापुरात जन्मले. मुंबईला वैद्यकीय शिक्षण घेऊन 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले आणि युद्धातल्या जखमींवर उपचार करत 1942 मध्ये तिथेच वारले. चारच वर्षांनी, 1946 मध्ये, व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली. सोलापूरच्या एका तरुणाचं नाव घरोघर पोचवण्याचं जे काम त्या एका चित्रपटाने केलं, ते शंभर भाषणांनी झालं नसतं.

पण पटकथेने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. चित्रपटात कोटणीस एका जीवघेण्या साथीशी झुंजतात आणि ती साथ त्यांनाही गाठते. प्रत्यक्षात त्यांचा मृत्यू अपस्माराच्या झटक्यांनी झाला होता. म्हणजे साथ हा विषय पडद्यावर आला खरा, पण एका माणसाच्या देहावर येऊन. साथ कुठून सुरू झाली, किती गावांत पसरली, कशाने थांबली, हे पडद्याच्या कक्षेत बसत नाही. एक झिजणारा नायक बसतो. यात शांतारामांचा दोष नाही, ती त्या माध्यमाची जात आहे. पुढे 2014 चा प्रकाश आमट्यांवरचा चित्रपट आला, 2019 चा ‘आनंदी गोपाळ’ आला. दोन्ही डॉक्टरांच्याच गोष्टी. त्या पाहून मुलं भारावली, आणि भारावून त्यांना व्हायचं होतं ते डॉक्टरच.

तरीही सिनेमाला आणि मालिकेला या यादीत मी वरचं स्थान देईन, कारण ‘आपल्यासारखं कुणीतरी हे करतंय’ हे तीच दाखवू शकतात. अमेरिकेत ‘द एक्स फाइल्स’ मालिकेतल्या डॉ. स्कली या पात्राबद्दल 2018 मध्ये एक पाहणी झाली. विज्ञान-तंत्रज्ञानात काम करणाऱ्या आणि ती मालिका माहीत असलेल्या स्त्रियांपैकी 63 टक्के जणींनी स्कली आपला आदर्श होती, असं सांगितलं. आपल्याकडे दूरदर्शनवर 2014 पासून ‘मैं कुछ भी कर सकती हूँ’ ही मालिका आली. मुंबईतली नोकरी सोडून गावी परतलेली डॉ. स्नेहा माथुर तिची नायिका. इथेही नायिका डॉक्टरच, पण तिच्यापुढचे प्रश्न बालविवाहाचे, मुलींच्या गर्भाचे, पाळणा लांबवण्याचे होते. दवाखान्यात बसून सुटणारे नव्हते. रोज थोडं थोडं दिसत राहणं ही मालिकेची ताकद. अडीच तासांत जे बसत नाही, ते शंभर भागांत बसतं.

कोविडच्या काळात टीव्हीच्या बातम्यांनी एक अजब गोष्ट केली. एरवी कुणाला ठाऊक नसलेला माणूस, साथरोगतज्ज्ञ, रोज संध्याकाळी घरात येऊ लागला. दिल्लीतल्या पत्रकार परिषदेत आयसीएमआरचे डॉ. रमण गंगाखेडकर दिसायचे. राज्यात त्या वेळचे सर्वेक्षण अधिकारी डॉ. प्रदीप आवटे मराठीतून समजावून सांगायचे, लिहायचेही. रुग्णवाढीचा वेग, संपर्क शोधणं, बाधित क्षेत्र हे शब्द टेंभुर्णीच्या चहाच्या टपरीवर पोचले. अमेरिकेतही तसंच झालं. 2021 च्या प्रवेशासाठी वैद्यकीय महाविद्यालयांकडे आलेल्या अर्जदारांची संख्या सुमारे 18 टक्क्यांनी वाढली आणि तिथल्या सरकारी संसर्गरोगतज्ज्ञाच्या नावावरून पत्रकारांनी त्याला ‘फौची इफेक्ट’ म्हटलं. पुढच्याच वर्षी ती संख्या उतरली. बातमीने लावलेली ओढ बातमी असेपर्यंतच टिकते, हे त्यातून दिसतं. शिवाय बातमीतला तज्ज्ञ पडद्यावर बोलताना दिसतो, काम करताना दिसत नाही. तिथवर तो कोणत्या कॉलेजातून, कोणत्या परीक्षा देऊन पोचला, हे निवेदक विचारत नाही.

ते सांगणं वर्तमानपत्राचं काम, आणि तिथे मला खरी तक्रार आहे. पहिलं पान पाहा. डेंग्यूचे रुग्ण, दूषित पाणी, कुपोषण या सगळ्या सार्वजनिक आरोग्याच्याच बातम्या. ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं गरज नसताना काढली जातात, हा बीड जिल्ह्याचा प्रश्न 2019 मध्ये पत्रकारांनी लावून धरला. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. याच बायका दर हंगामात माढा, माळशिरस, पंढरपूरच्या फडांत ऊस तोडतात, म्हणजे ती बातमी टेंभुर्णीच्या शिवारातलीही होती. पण आतल्या पानांवर निकालाच्या काळातलं करिअर मार्गदर्शन उघडा. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फार तर फिजिओथेरपी. पहिल्या पानावरचा प्रश्न सोडवणं हे कुणाचं तरी पोटापाण्याचं काम असतं, हा धागा आतल्या पानापर्यंत येतच नाही. शेजारी अर्धं पान क्लासची जाहिरात असते, हे वेगळं सांगायला नको.

खरं तर छापील माध्यम यासाठी सर्वांत सोयीचं. कात्रण काढून ठेवता येतं, वडिलांपुढे टाकता येतं, शिक्षकांना विचारता येतं. त्या कात्रणात काय असावं? बारावीनंतर एएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून आरोग्य सेवेत शिरता येतं. स्वच्छता निरीक्षकाची पदविका एका वर्षाची असते आणि नगरपालिकांना, महानगरपालिकांना त्या माणसांची गरज असते. बीएएमएस किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्यांना उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं. सार्वजनिक आरोग्यातली दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमपीएच, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आणि पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात शिकवली जाते, आणि या शाखेचं दार केवळ एमबीबीएसवाल्यांसाठी नसतं. एमबीबीएस झालेल्यांसाठी कम्युनिटी मेडिसिनची एमडी आहे. आधीच सेवेत असलेल्यांना साथींचा माग काढण्याचं क्षेत्रीय प्रशिक्षण चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत मिळतं. एवढं अर्ध्या रकान्यात मावतं. ते नीटचा निकाल लागतो त्याच आठवड्यात छापलं तर अधिक बरं. त्या आठवड्यात तालुक्यातली कितीतरी हुशार मुलं आपलं आरोग्य क्षेत्र संपलं असं समजून घरात तोंड लपवून बसलेली असतात.

मोबाईलचं गणित वेगळं. तो कुणी न विचारताच दाखवतो, पण काय दाखवायचं ते आधी काय पाहिलं त्यावरून ठरवतो. ज्या मुलीने नीटच्या भौतिकशास्त्राचे व्हिडिओ पाहिले, तिला पुढे एमबीबीएसच्या विद्यार्थ्याची दिनचर्या, पांढरा कोट चढवण्याचा समारंभ, हॉस्टेलची खोली दिसू लागते. तिने ‘साथरोगशास्त्र’ हा शब्द कधी टाकलाच नाही, म्हणून तो तिच्यापुढे येत नाही, आणि आला नाही म्हणून ती टाकत नाही. चौकातला फ्लेक्स निदान पावसात फाटतो. हातातला तोच फ्लेक्स रोज नवा होतो. मोबाईलची जमेची बाजू एकच, पण मोठी आहे: कुणी एकदा योग्य शब्द सांगितला की, पुढचं सगळं, अभ्यासक्रमापासून परदेशातल्या प्राध्यापकाच्या व्याख्यानापर्यंत, फुकट आणि घरबसल्या मिळतं. म्हणून मोबाईल हे दुसऱ्या पायरीचं माध्यम. पहिली पायरी दुसऱ्या कुणीतरी चढवून द्यावी लागते.

ती चढवायला पाठ्यपुस्तक उपयोगी पडेल, असं माढा तालुक्यात बसून म्हणायला आधार आहे. याच तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून मुलांना ध्वनिफिती, चित्रफिती आणि स्वाध्याय देण्याचा त्यांचा प्रयोग पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत गेला. आता कल्पना करा: विज्ञानाच्या पुस्तकात डासांपासून होणाऱ्या रोगांचा धडा आहे, त्यातल्या कोडवर मोबाईल धरला की एक आरोग्य सेविका आपल्या गावातली भांड्यांमधल्या अळ्यांची पाहणी, म्हणजे कंटेनर सर्व्हे, दाखवते आणि शेवटी दोन वाक्यांत सांगते की, ती कुठे शिकली, तिला पगार कोण देतं. पुस्तकाचा फायदा असा की ते नापसंत करून पुढे सरकवता येत नाही. ते सगळ्यांना मिळतं, मुलींनाही. ज्यांना घरचा मोबाईल रात्री भावाकडून उरला तर मिळतो, त्यांनाही वर्गात तरी पाहता येतं.

रेडिओबद्दल थोडक्यात. शेजारच्या सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या म्हसवडला, माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र चालतं. अशा केंद्राचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरच्या पलीकडे फारसा जात नाही, म्हणून टेंभुर्णीत ते लागत नाही. पण त्याचं बळही त्या आखूड टप्प्यातच आहे. बोलणारी बाई ऐकणाऱ्याच्या ओळखीची निघते. मुंबईच्या स्टुडिओतला तज्ज्ञ कितीही गोड बोलला, तरी ‘ही आपल्या आळीतली’ हे त्याच्याबद्दल म्हणता येत नाही.

या सगळ्यांत एक गोष्ट राहून जाते: पाहणारा पाहणाराच राहतो. ती भिंत मोडणारं माध्यम मराठी मुलखात होऊन गेलं, आणि ते होतं कीर्तन. गाडगेबाबा गावात यायचे ते खराटा हातात घेऊनच. आधी गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहायचे. समोर बसलेल्या माणसाने दिवसा त्यांना गटार उपसताना पाहिलेलं असायचं, बहुतेक वेळा त्याच्या हातातही झाडू आलेला असायचा. आधी काम आणि नंतर शब्द, असा तो क्रम. राज्य सरकारने 2000–01 मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं तेव्हा त्याला बाबांचं नाव दिलं, यात नुसता आदर नव्हता. चालून दाखवलेली पद्धत होती.

तोच क्रम जामखेडला दिसतो. टेंभुर्णीहून करमाळा आणि करमाळ्यापुढे जामखेड, इतकं ते जवळ आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून 1970 मध्ये तिथे आलं. त्यांनी खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. बाळंतपण, बाळाचं वजन, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी, कुष्ठरोग्याला घरात ठेवून घेणं, हे त्या बायका गाण्यांतून, चित्रांतून, गप्पांतून इतर बायकांना सांगू लागल्या. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातले विद्यार्थी जामखेडला शिकायला येऊ लागले, अजूनही येतात. परदेशातून माणसं जिथे शिकायला येतात, त्या गावावरून इथली किती पोरं कॉलेजच्या सहलीला जाताना न थांबता पुढे जातात, याचं मला नेहमी नवल वाटतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 2006 पासून चालवलेल्या ‘निर्माण’ची शिबिरंही साधारण याच धर्तीची आहेत. तरुणांना शोधग्रामला बोलवायचं, प्रश्न दाखवायचा, आणि मग आपण कुठे बसतो ते त्यांचं त्यांना ठरवू द्यायचं. तिथे येणारी पुष्कळ मुलं आधी पुस्तक वाचून, भाषण ऐकून किंवा व्हिडिओ पाहून येतात, म्हणजे दारापर्यंत माध्यमच आणतं. आतली पावलं मात्र पायांनीच टाकावी लागतात.

टेंभुर्णीतल्या एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाला हा क्रम स्वतःपुरता लावायचा झाला, तर गडचिरोली गाठायची गरज नाही. अकरावीच्या वर्गात कोटणीसांचा सिनेमा दाखवावा आणि तो संपल्यावर विचारावं की, या गावात साथ आली तर पहिल्या दिवशी कोण काय करतं. उत्तर बहुधा कुणालाच येणार नाही. ते शोधायला जवळच्या उपकेंद्रावर जावं, आशाताईंसोबत एक आळी फिरावी, दहा घरांतले रांजण पाहून किती घरांत अळ्या निघाल्या ते वहीत मांडावं. दहातल्या तीन घरांत निघाल्या तर तो 30 टक्के गृह निर्देशांक झाला. साथरोगशास्त्राचा हा पहिला धडा मुलांनी स्वतःच्या हाताने केलेला असेल. पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन तीच घरं मोजावीत. आकडा खाली आला तर न झालेल्या डेंग्यूचा फोटो काढण्याच्या जितकं जवळ जाता येतं, तितकी ती मुलं गेली. मग तो तक्ता कॉलेजच्या फलकावर लावावा, जिल्ह्याच्या पेपरला पाठवावा, हवं तर त्याचा व्हिडिओ करावा. माध्यमं इथे उलट्या बाजूने वापरली जातात: मुलं बघणारी न राहता दाखवणारी होतात. आपण शोधलेली गोष्ट चार लोकांना सांगितली की तिच्याशी नातं जुळतं, हे कुठल्याही बालविज्ञान परिषदेला गेलेल्या मुलाला विचारा.

अशा फेरीला सोयीचा काळही ठरलेला आहे. गावातल्या पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण वर्षातून दोनदा होतं, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. विहिरीभोवती उकिरडा आहे का, टाकीचं झाकण आहे का, गळती कुठे आहे, हे पाहून जोखीम ठरते आणि त्यानुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. एप्रिलमधल्या फेरीच्या वेळी परीक्षा नाहीतर उन्हाळी सुट्टी असते. ऑक्टोबरमधली फेरी मात्र दिवाळीच्या आसपास येते. तेव्हा अकरावीचं पहिलं सत्र उरकत आलेलं असतं आणि लातूरचा क्लास बारावीइतका मानगुटीवर बसलेला नसतो. आपल्या गावाला यंदा कोणतं कार्ड मिळालं आणि का, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारायला कुणाची शिफारस लागत नाही. पाणी तपासणारा जलसुरक्षक कोण आहे तेही तिथेच कळतं, आणि ओटीची बाटली त्या जलसुरक्षकाकडेच असते.